उकिरड्यापासून उंबऱ्यापर्यंत

पुण्यातल्या कचरा वेचकांची संघटना असलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना १९९३ सालची. पण तिच्या पहिल्या सदस्या त्याआधी कितीतरी वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर काम करत होत्या. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू पट्ट्यातली गावे उठवली, तेव्हा शहराकडे आलेल्या भूमिहीन कुटुंबांना जे मिळेल ते काम पत्करावे लागले. पुरुषांना हमाली, बिगारी असे काहीतरी सापडे. बायकांपुढे, त्यातही मातंग आणि बौद्ध समाजातल्या बायकांपुढे, पर्याय फारच थोडे होते. दलित बाईला स्वयंपाकघरातल्या भांड्यांना हात लावू देणारी घरे तेव्हा मोजकी होती. कचराकुंडीपाशी मात्र कुणी जात विचारत नव्हते. कुणाची चिठ्ठी लागत नव्हती, भांडवल लागत नव्हते आणि मुकादमाच्या शिव्याही ऐकाव्या लागत नव्हत्या. एक गोणी आणि एक लोखंडी आकडी हाताशी असली की त्या दिवसापासून काम सुरू.

पहाटे अंधारात निघायचे, कारण उशीर झाला की कुंडी दुसऱ्या कुणी तरी चाळलेली असे. शिळे अन्न, फुटकी काच, मेलेले उंदीर, रक्ताळलेल्या पट्ट्या या सगळ्यांतून कागद, बाटल्या, पत्र्याचे डबे, प्लॅस्टिक वेगळे काढायचे. दुपारी डोक्यावर तीस-चाळीस किलोंचे ओझे घेऊन भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत चालायचे, तिथे माल निवडायचा, वजन करून पैसे घ्यायचे. वजनात मारले जाई, ओल्या पुठ्ठ्याची म्हणून घट धरली जाई, आणि अडीअडचणीला घेतलेली उचल फिटेपर्यंत दुकान बदलण्याची सोय नसे. वाटेत पोलिसाने हटकले तर गोणीतला माल चोरीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाईचीच. सोसायटीत काही हरवले की पहिला संशय हिच्यावर. महापालिकेच्या लेखी तर ती अस्तित्वातच नव्हती. शहराच्या कचऱ्यातला पुन्हा वापरता येण्याजोगा माल कारखान्यांपर्यंत पोहोचवण्याची साखळी या बायकांपासून सुरू होत होती, तरी त्यांच्या कामाला काम म्हणायला कुणी तयार नव्हते. पंचायतीच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सुरुवात झाली ती शिक्षणाच्या निमित्ताने. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या त्यांच्यात आघाडीवर होत्या. पाटी-पेन्सिल घेऊन गेलेल्या या कार्यकर्त्या मुलांच्या मागोमाग कचराकुंड्यांपर्यंत पोहोचल्या, आयांबरोबर फिरल्या, त्यांच्याबरोबर माल निवडायला बसल्या. आईची कमाई वाढल्याशिवाय आणि तिचे कामाचे तास घटल्याशिवाय मूल शाळेत टिकणार नाही हे त्यांना फार लवकर कळले. मग विचार निघाला की हा माल कुंडीत पडून घाण होण्याआधी, थेट घरातूनच वेगळा मिळाला तर? पुण्याच्या एका भागात रहिवाशांशी बोलून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची विनंती करण्यात आली. तीस-चाळीस कचरा वेचक बायकांना विद्यापीठाने ओळखपत्रे दिली आणि त्या घरोघर जाऊन सुका माल गोळा करू लागल्या. पुढे ज्याला देशभर ‘वर्गीकरण’ म्हणून सरकारी परिपत्रकांत जागा मिळाली, ते पुण्यात असे बायकांच्या रोजीच्या प्रश्नातून आले होते.

या प्रयोगाला दृष्ट लागायला वेळ लागला नाही. त्याच भागात एका खासगी उद्योजकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलण्याची सेवा सुरू केली. रहिवाशांना सोय वाटली. बायकांना मात्र समोर दिसले की गाडी फिरू लागली तर आपला माल गेला. त्या मुलाबाळांसह गाडीच्या आडव्या आल्या. रहिवाशांच्या दारात जाऊन त्यांनी एकच मुद्दा मांडला : इतकी वर्षे या कचऱ्यावर आमचे पोट आहे, त्यातून पैसा होतो हे आता इतरांच्या लक्षात आले म्हणून आम्हाला बाजूला सारायचे का? हा मुद्दा लोकांना पटला आणि ती गाडी मागे हटली. पण विजय छोटा होता आणि धोका मोठा. आज एका भागात एक गाडी आली, उद्या शहरभर येतील. चाळीसजणींच्या बळावर त्या अडवता येणार नव्हत्या.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचकांचे अधिवेशन भरले. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अधिवेशनाला आठशेहून अधिक कचरा वेचक आले, आणि तिथेच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी करण्याचे ठरले. हमालांची संघटना असलेल्या हमाल पंचायतीचा अनुभव बाबांच्या पाठीशी होता. मालक एकच नाही, कामाची जागा एकच नाही, हजेरीपट नाही, अशा माणसांची संघटना बांधता येते आणि ती टिकवता येते हे हमालांनी दाखवून दिले होते. तरीही हमाल आणि कचरा वेचक यांच्यात एक मोठा फरक होता. हमालाच्या समोर निदान आडत्या किंवा व्यापारी असतो. कचरा वेचणारीने मागणी करायची तर कुणाकडे? भंगारवाला म्हणणार, मी फक्त माल घेतो. महापालिका म्हणणार, आम्ही हिला कामावर ठेवलेलेच नाही. पंचायतीने यावर घेतलेली भूमिका पुढच्या तीन दशकांचा पाया ठरली. कचरा वेचक शहरासाठी काम करते, तिच्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो, म्हणून महापालिका तिला उत्तरदायी आहे, अशी ती भूमिका.

पंचायतीची नोंदणी कामगार संघटना म्हणून झाली. सदस्य वर्गणी भरतात, वस्तीवस्तीतून प्रतिनिधी निवडले जातात आणि दर महिन्याला प्रतिनिधींची बैठक होते. कुंडीवर वेचणाऱ्यांबरोबर हातगाडी घेऊन दारोदार भंगार विकत घेणारे फेरीवालेही सदस्य झाले. पुढे सदस्यसंख्या नऊ हजारांपलीकडे गेली. त्यांतल्या सुमारे ८० टक्के स्त्रिया.

पहिली ठोस कमाई होती ओळखपत्राची. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेने पंचायतीच्या सदस्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशातल्या नगरपालिकांच्या इतिहासात हे नवे पाऊल होते. बाहेरच्या माणसाला ते कागदाचे चिटोरे वाटेल. पण पोलिसाने अडवल्यावर गळ्यातले कार्ड पुढे करणे आणि चौकीत तासन्‌तास बसून राहणे यांत काय अंतर आहे, हे ज्या बाईने दोन्ही अनुभवले तिलाच ठाऊक. एखादीला चोरीच्या संशयावरून नेले तर आता पंचायतीचे कार्यकर्ते आणि दहा-वीस बायका चौकीवर हजर होत. कार्डामागे संघटना आहे हे पोलिसांना कळले आणि भंगारवाल्यांनाही कळले.

भंगाराच्या धंद्यात पंचायतीने नुसती दाद मागितली नाही. स्वतःचे दुकान काढले. काटा खरा, भाव फळ्यावर, आणि वर्षाअखेर नफ्यातून माल घालणाऱ्या सदस्यांना बोनस. दिवाळीला बोनस ही या वस्त्यांमध्ये पूर्वी कुणी ऐकलेली गोष्ट नव्हती. अशा दुकानांतून शहराचा सगळा माल जाणे शक्य नव्हते, पण आजूबाजूच्या दुकानदारांना आपला काटा सरळ ठेवावा लागला. सावकाराची आणि भंगारवाल्याची उचल तोडण्यासाठी सदस्यांची पतसंस्था उभी राहिली. आयुर्विमा महामंडळाच्या गट विम्यात सदस्यांना सामील करून घेतले गेले. कचऱ्यावर मुलांना न्यायचे नाही, मुलींची लग्ने लहान वयात लावायची नाहीत, असे निर्णय बैठकांतून झाले आणि वस्तीतल्या बायकांनीच ते एकमेकींच्या घरी जाऊन पाळायला लावले. अस्वच्छ व्यवसायांत काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात कचरा वेचकांच्या मुलांचा समावेश व्हावा म्हणून पंचायतीने दीर्घ पाठपुरावा केला आणि तो यशस्वी झाला. पंचायतीच्या कामाचा हा भाग बातम्यांत फारसा येत नाही. प्रत्यक्षात कुठल्याही आंदोलनाला बायका घरदार टाकून येतात त्या याच्या जोरावर.

२००१ साली आणखी एक महत्त्वाचे काम झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी एसएनडीटीच्या अभ्यासकांनी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील कचरा वेचक, भंगार व्यापारी आणि भंगार यांचा सविस्तर अभ्यास केला. कोण काय गोळा करते, किती वजनाचे, ते कुठे जाते, त्यातून महापालिकेची किती वाहतूक वाचते, असा सगळा हिशेब त्यात मांडला गेला. प्रत्येक कचरा वेचक महिन्याला २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते, हा त्यातला निष्कर्ष. पंचायतीची भाषा या एका आकड्याने बदलली. आयुक्तांच्या दालनात आता दयेचा अर्ज जात नव्हता, थकलेल्या देण्याचा तपशील जात होता. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरा वेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. तिथवर पोहोचण्यामागे हा हिशेब होता.

दरम्यान नियम बदलत होते. केंद्र सरकारचे नागरी घनकचऱ्याबाबतचे नियम २००० साली आले. त्यांनी घरोघर कचरा संकलन आणि वर्गीकरण ही नगरपालिकांची जबाबदारी ठरवली. कागदावर हे स्वागतार्ह होते. पंचायतीला मात्र त्यातला धोका आधी दिसला. घरोघर संकलन म्हणजे रस्त्यावरच्या कुंड्या जाणार. कुंड्या गेल्या की माल थेट बंद गाडीत आणि गाडीतून डेपोवर. जो ठेकेदार हे काम घेईल त्याच्याकडे गाड्या असतील, चालक असतील, आणि कचरा वेचणाऱ्या बायका कुठेच नसतील. १९९० च्या दशकात एका गाडीने जे करू पाहिले होते ते आता कायद्याच्या आधाराने सगळ्या शहरात होऊ शकत होते.

घरोघर संकलनाला विरोध करायचा की ते काम आपणच मागायचे, यावर वस्त्यांत बरीच चर्चा झाली. कुंडीवर काम करणारी बाई स्वतःच्या मनाची मालकीण असते. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी ती सुटी घेते. घरोघर जायचे म्हणजे वेळ पाळायची, ओला कचराही उचलायचा, रहिवाशांची बोलणी ऐकायची. ओल्या कचऱ्यातून काही मिळत नाही. तो का वाहायचा, हा प्रश्न रास्त होता. याचे उत्तर सेवाशुल्कात सापडले. घरामागे ठरावीक रक्कम महिन्याला बाईने घ्यायची आणि सुक्या मालाची विक्रीही तिचीच. २००५-०६ मध्ये महापालिकेबरोबर पथदर्शी प्रयोग झाला. सुमारे १५०० कचरा वेचक सव्वा लाख घरांपर्यंत पोहोचल्या. कुंडीवर उभे राहून वेचणारीला पहिल्यांदाच लोकांच्या दारावरची घंटी वाजवण्याचा अधिकार मिळाला.

प्रयोगातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिची नोंदणी २००७ ची. ऑक्टोबर २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. कचरा वेचकांच्या पूर्ण मालकीची अशी देशातली ही पहिली सहकारी संस्था. पंचायत आणि ‘स्वच्छ’ या दोन संस्था मुद्दाम वेगळ्या ठेवल्या गेल्या. काम करून देण्याची बांधिलकी ‘स्वच्छ’ने पत्करली, आणि कामगार म्हणून भांडण्याचा अधिकार पंचायतीकडे राहिला. ‘स्वच्छ’च्या कारभारात कचरा वेचकांचे बहुमत आहे, महापालिकेचे प्रतिनिधीही त्यात बसतात. महापालिकेने ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, गणवेश अशी साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च द्यायचा, वस्त्यांमधल्या घरांसाठी काही भार उचलायचा. बायकांची कमाई मात्र रहिवाशांकडून आणि भंगारातून. महापालिकेला दर टनामागे ठेकेदाराला पैसे मोजावे लागत नाहीत, हे या रचनेचे मोठे वैशिष्ट्य. टनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला कचरा जितका जास्त तितका फायदा. इथे उलटे आहे. गाडीत जाणारा कचरा जितका कमी आणि हातात राहणारा माल जितका जास्त, तितकी बाईची कमाई अधिक.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते एकदा जवळून पाहायला हवे. सकाळी जोडीने दोघी निघतात. एकजण मजले चढते, दुसरी खाली ढकलगाडीपाशी. दारातून ओल्याची बादली आणि सुक्याची पिशवी घ्यायची, एकत्र दिले असेल तर तिथल्या तिथे सांगायचे. ओला कचरा सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा ठरलेल्या ठिकाणी उभ्या असलेल्या महापालिकेच्या गाडीत जातो. सुका घेऊन दोघी निवडायच्या जागी येतात. कुठे शेड असते, कुठे पुलाखालची मोकळी जागा, कुठे नुसता फुटपाथ. मग गोणी पालथी होते आणि खरे कसब सुरू होते. पांढरा लिहिलेला कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, गुळगुळीत मासिक वेगळे, पुठ्ठा वेगळा. पुठ्ठा कोरडा ठेवायचा, पावसाळ्यात तर जिवापाड, कारण भिजला की भाव निम्म्यावर येतो. पाण्याच्या बाटलीचे बूच पिळून वेगळे काढायचे. बाटली एका ढिगात, बूच दुसऱ्यात, कारण दोन्हींचे प्लॅस्टिक वेगळे. दुधाची पिशवी धुतलेली असली तर तिला चांगला भाव. प्लॅस्टिक ओळखायला कुणी यंत्र लावत नाही. तुकडा वाकवून पाहायचा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. कडक मोडते, नरम वाकते. लोखंड, बीड, जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम), तांबे हाताच्या वजनावरून कळते. बिअरची बाटली अख्खी असली तर नगावर जाते, फुटली तर काचेच्या ढिगात किलोवर. शेवटी जमिनीवर जे उरते त्याला गिऱ्हाईक नाही : वेफर्सची चकचकीत पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, फाटक्या चपला. या निवडीत दोन-तीन तास जातात. इतक्या बारकाईने निवडलेला माल कुठल्याही यांत्रिक प्रकल्पाला मिळत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत ओल्यासुक्याचा लगदा झालेला असतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर ही या कामातली सगळ्यांत अपमानास्पद गोष्ट. पिशवीत हात घातला की वापरलेले पॅड हाताला लागते. वर्षानुवर्षे बायकांनी हे सोसले, बैठकीत बोलायलाही त्या लाजत. पण एकदा विषय निघाला आणि पंचायतीने तो सोडला नाही. कचरा वेचक बायकांनी रद्दीच्या कागदाच्या पिशव्या बनवून वापरलेले पॅड टाकण्यासाठी त्या विकायला सुरुवात केली. २०१३ मध्ये पॅड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना त्यांचाच वापरलेला माल परत पाठवून जबाबदारीची आठवण करून देण्यात आली. पुढे लाल ठिपक्याची मोहीम आली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे ते उघडून न पाहता कळेल. घरातल्या माणसाचे अर्धे मिनिट जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा कचऱ्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरवावे अशी तरतूद आली आणि कचरा वेचकांना नगरपालिकेच्या यंत्रणेत सामावून घेण्याचे बंधनही आले. त्या तरतुदी किती कंपन्यांनी मनावर घेतल्या, हे पुण्यातल्या कुठल्याही निवड-शेडवर उभे राहिले की दिसते. लाल ठिपका काढायलाही अजून असंख्य घरे तयार नाहीत, आणि सुशिक्षित सोसायट्या त्यात मागे नाहीत.

शहराचा कचरा जातो कुठे, या प्रश्नापासून पंचायतीचा इतिहास वेगळा काढता येत नाही. पूर्वी कोथरूडला डेपो होता. भोवती वस्ती वाढली, तो बंद झाला, आणि आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. मग उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी शहराचा कचरा बसला. विहिरी नासल्या, माशा आणि दुर्गंधी कायमची झाली. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर झालेले आंदोलन कित्येक दिवस चालले आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. अशा प्रत्येक वेळी महापालिकेला वर्गीकरणाची आठवण होते. ज्या प्रभागांत ढकलगाडीवाली नियमित जाते आणि ओला कचरा आवारातच जिरतो, त्या प्रभागांतून डेपोकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतात, हे साधे गणित फुरसुंगीच्या माणसाला पुणेकरांहून आधी समजले होते.

गणपतीच्या दिवसांत ‘स्वच्छ’च्या सदस्या घाटांवर असतात. विसर्जनाला आलेल्या माणसाच्या हातातली निर्माल्याची पिशवी नदीत पडण्याआधी त्या मागून घेतात. हार-फुले, दूर्वा खताला, प्लॅस्टिकची पिशवी आणि थर्माकोलचे मखर वेगळे, नारळ आणि फळे वेगळी. घाटावर उभे राहून दिवसभर लोकांना हात जोडून सांगणे सोपे नाही. तरी या कामाला सदस्या आवर्जून येतात. वर्षभर ज्यांना दुरून पिशवी दिली जाते, त्या घाटावर लोकांशी समोरासमोर बोलतात.

‘स्वच्छ’चे काम पसरत साडेतीन हजारांहून अधिक कचरा वेचकांपर्यंत आणि आठ लाखांहून अधिक घरांपर्यंत गेले. पण करार हा त्याचा कायमचा कच्चा दुवा राहिला. पहिल्या कराराची मुदत संपल्यावर मुदतवाढीवर काम चालले, नवा करार २०१६ मध्ये झाला आणि तोही २०२० च्या अखेरीस संपला. पुन्हा मुदतवाढ, पुन्हा अनिश्चितता. ठेकेदारांकडे हे काम सोपवण्याचा आग्रह महापालिकेत प्रत्येक वेळी धरला गेला. यंत्रे येतील, गाड्या येतील, शहर आधुनिक दिसेल, असे त्यामागचे म्हणणे. २०२० चा करार संपल्यावर बायका महापालिकेच्या दारात बसल्या. या वेळी मात्र त्यांच्या बरोबरीने रहिवासीही बोलले. आमच्या इमारतीत हीच बाई हवी, असे लेखी देणाऱ्या सोसायट्या पुढे आल्या. पिंपरी-चिंचवडमध्येही काही वर्षे ‘स्वच्छ’चे काम चालले, पण तिथे ते टिकले नाही आणि संकलन ठेक्यावर गेले. दोन शहरे एकमेकांना चिकटलेली, पंचायत एकच, बायकांचे कसबही तेच; तरी महापालिकेचे धोरण बदलले की सगळे बदलते. या अनुभवामुळे पंचायत आजही ‘स्वच्छ’च्या यशावर विसंबून राहत नाही आणि संघटनेची बैठक एकाही महिन्याला चुकू देत नाही.

नगरपरिषदांच्या गावांतून पुण्याचे काम पाहायला लोक येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्राविषयी असतो. कुठली मशीन, किती टनांची, अनुदान कुठले. पंचायतीच्या कार्यकर्त्या त्यांना आधी विचारतात की तुमच्या गावात भंगार कोण गोळा करते आणि ते कुठल्या दुकानात जाते. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावातही अशी पाच-पन्नास कुटुंबे असतातच. नगरपरिषदेच्या दप्तरात त्यांची नोंद नसते एवढेच. छोट्या गावाच्या अडचणी वेगळ्या आहेत. दिवसाला गोळा होणारा माल थोडा, मोठा खरेदीदार शंभर किलोमीटरवर, आणि ट्रक भरेपर्यंत माल साठवायला छप्पर नाही. हलके प्लॅस्टिक तर वाहतुकीलाच परवडत नाही. म्हणून तिथे गाडीआधी शेड हवी, कोरडी आणि कुलूप लागणारी, आणि जमल्यास दाबून गठ्ठे करणारे साधे यंत्र. छोट्या गावाचे एक बळही आहे. तिथे दार आणि बाई एकमेकांना नावाने ओळखतात, आणि एका आठवड्यात सगळ्या घरांपर्यंत निरोप जातो. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने घराघरात वर्गीकरणाची शिस्त लावून आपला कचरा डेपो लोकांनी येऊन पाहावा असा केला, तो याच बळावर. ठेकेदाराला टनामागे पैसे देणारी निविदा काढण्याआधी प्रत्येक नगरपरिषदेने अशा जागा पाहून यायला हव्यात.

देशातल्या इतर शहरांतल्या संघटनांबरोबर पंचायतीने अखिल भारतीय पातळीवर आघाडी बांधली. २००९ च्या कोपनहेगनच्या हवामान परिषदेत भारतातल्या कचरा वेचकांचे प्रतिनिधी गेले आणि कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांना पर्यावरणाच्या नावाने मिळणाऱ्या पैशांवर त्यांनी आक्षेप घेतला. जो कागद आणि जे प्लॅस्टिक पुन्हा वापरता येते ते जाळून वीज करायची, आणि त्याला हरित म्हणायचे, हे त्यांना मान्य नव्हते. पुण्यातही अशा प्रकल्पांचे प्रस्ताव आले की पंचायत हीच भूमिका मांडते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. बस बंद, रिक्षा बंद, भंगाराची दुकाने बंद. सुका माल विकता येत नव्हता म्हणजे कमाईचा मोठा हिस्सा एका दिवसात थांबला. वस्त्या सील झालेल्या. तरी बायका पायी चालत कामावर आल्या आणि घरोघरचा कचरा उचलला जात राहिला, विलगीकरणातल्या घरांचाही. त्या काळात अनेक सोसायट्यांनी त्यांना धान्य दिले, काहींनी सेवाशुल्क आगाऊ दिले. काहींनी मात्र महिना भरायचेही टाळले. पंचायतीने दोन्ही प्रकारच्या सोसायट्यांशी बोलणी केली आणि थकलेले पैसे मिळवण्यासाठी दारोदार फिरली.

१९९३ च्या अधिवेशनाला आलेल्या सदस्यांपैकी बहुतेकजणी आता साठी-सत्तरीच्या आहेत. गुडघे गेले, जिने चढवत नाहीत. कुणाची लाइन, म्हणजे ठरलेली घरे, सुनेने घेतली आहे, कुणाची मुलाने; ढकलगाडी घेऊन फिरणारे तरुण पुरुष आता पुण्यात नवलाचे राहिलेले नाहीत. काहीजणींची मुले शिकून दुसऱ्या कामाला लागली, ही पंचायतीला सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते. पण ज्यांनी चाळीस वर्षे शहराचा कचरा निवडला त्यांच्या हातात म्हातारपणी काही नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही, सरकारच्या निराधार योजनेतून मिळते ती रक्कम किराण्यालाही पुरत नाही. असंघटित कष्टकऱ्यांना सन्मानाने जगता येईल एवढे निवृत्तिवेतन मिळावे, यासाठी पंचायत हमाल, घरकामगार आणि इतर कष्टकऱ्यांच्या संघटनांबरोबर आंदोलनात आहे. त्याच्या जोडीला तिच्या आणखी तीन मागण्या महापालिकेपुढे आहेत : प्रत्येक प्रभागात पाणी आणि छप्पर असलेली निवड-शेड, ज्याला गिऱ्हाईक नाही त्या वेष्टनांच्या संकलनाचा मोबदला उत्पादकांकडून, आणि दीर्घ मुदतीचा करार.